कन्सेशनला मराठीत नेमकं काय म्हणायचं? सवलत, सूट, मुभा की मक्ता?

भाषांतरवाली

नमस्कार मंडळी,

मी घरून भाषांतराची कामं घेते. सध्या एका विमानतळाच्या व्यवहाराचा मजकूर हातात आहे. कुठल्या ते सांगत नाही, नागपूरकरांनी हवा तो अंदाज बांधावा. त्यात 'कन्सेशन' आणि 'कन्सेशनेअर' हे शब्द पानोपानी आहेत. कोशात पहिला अर्थ सवलत. आता विमानतळ चालवायला घेणाऱ्या कंपनीला मी 'सवलतदार' लिहिलं तर आमच्या सासूबाई विचारतील, हिला कितवं वर्ष लागलं?

त्याच मजकुरात वाटाघाटींबद्दल 'दोन्ही पक्षांनी कन्सेशन्स दिली' असं येतं आणि शेवटी दिव्यांग प्रवाशांना पार्किंगमध्ये कन्सेशन. तिन्हीकडे इंग्रजी शब्द एकच, कामं मात्र वेगळी. आपण सगळीकडे 'सवलत' ठोकून मोकळे होतो. माझं मत असं की या शब्दावर आपण फार ओझं टाकलं आहे. तुमच्या कामात, घरात, बाजारात कुठला शब्द चालतो? नुसते कोशातले देऊ नका, ते माझ्याकडे आहेत.

तर्री_जास्त

बर्डीवर दुकानदार 'भाऊ, तुमच्यासाठी कन्सेशन' म्हणते, तवा समजाचं का भाव आधीच वाढवून ठेवला हाय. झाला अर्थ. धागा बंद करा.

महालातली_माहेरवाशीण

दुकानात कन्सेशन कुठे, तिथे डिस्काउंट म्हणतात. कन्सेशन शाळेत आणि रेल्वेत. गांधी जयंतीला खादीच्या दुकानावर मोठ्ठं 'सूट' लिहितात ते वाचून आमचा धाकटा आत कोट-पँट शोधत होता.

निवृत्त_वाहक

ताई, शब्दांचं आपल्याला फार कळत नाही, पण सवलतीचे हिशेब करण्यात एसटीतली नोकरी गेली. प्रवाशाला वाटते, अर्धं तिकीट म्हणजे उरलेले अर्धे पैसे हवेत गेले. तसं नसते. ते शासन महामंडळाला देते. त्या रकमेला कागदोपत्री 'सवलतमूल्य' म्हणतात आणि ती परत मिळण्याला 'प्रतिपूर्ती'. म्हणून पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला प्रवास फुकट असला तरी तिकीट द्यावंच लागते, शून्य रुपयाचं. ते मशीनमधून निघालंच नाही तर महामंडळ मागणार कशाच्या आधारावर? म्हातारे मात्र म्हणत, 'फुकट हाय नं बाप्पा, मंग कागद कायले वाया घालवतो?'

२०२२ च्या ऑगस्टमध्ये ७५ च्या वरच्यांना मोफत झालं. ६५ ते ७५ ला अर्धं आहेच. २०२३ च्या १७ मार्चपासून सगळ्या महिलांना अर्धं. मग गाडीत सवलत हा शब्दच कोणी वापरेना. लोक सरळ म्हणत, 'एक अमृत, दोन महिला, एक फुल द्या.' योजनेचं नाव अमृत ज्येष्ठ नागरिक, त्याचं माणसालाच नाव पडलं. एक बाई नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, 'हे अजून अमृत नाही झाले, हे हाफच आहेत.'

आणखी एक. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. छिंदवाड्याच्या गाडीत सौसरचं तिकीट मागितलं तर हद्दीपर्यंत अर्धं आणि पुढे पूर्ण. त्यावरून सावनेरपासून जी भांडणं सुरू होत ती मध्य प्रदेशात शिरेपर्यंत चालत.

तर्री_जास्त

'हे हाफच आहेत' 😂 काका, त्या बाईले आमच्या घरून नमस्कार सांगा.

सदरचा_प्रवासी

एसटीनं दिलं, रेल्वेनं काढलं. रेल्वेत साठीनंतर पुरुषांना ४० टक्के आणि ५८ नंतर बायकांना ५० टक्के मिळत होतं. २० मार्च २०२० ला कोरोनामुळे थांबवलं. कोरोना गेला, ते काही परत आलं नाही. विद्यार्थी, काही आजारांचे रुग्ण आणि दिव्यांगांच्या काही प्रवर्गांचं तेवढं चालू राहिलं.

माझं म्हणणं भाषांतरवालींच्या उलट आहे. सवलतीवर ओझं वगैरे काही नाही, तो शब्द अगदी चोख आहे. देणाऱ्याच्या मर्जीनं जी मिळते आणि देणाऱ्याच्या मर्जीनं जी जाते ती सवलत. तिकिटाचंही तेच, विमानतळाचंही तेच.

भाषांतरवाली

@सदरचा_प्रवासी, काका, विमानतळाचं तेच कसं? तिथे करार असतो. देणाऱ्याची मर्जी फिरली म्हणून सरकारला तो काढून घेता येत नाही. आपल्या सोनेगावच्या विमानतळाचंच बघा ना. २०१९ मध्ये निविदेत एका कंपनीची निवड झाली, २०२० मध्ये ती प्रक्रिया रद्द केली, कंपनी कोर्टात गेली. २०२१ मध्ये इथल्या खंडपीठानं रद्द करणं चुकीचं ठरवलं आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. शेवटी २०२४ च्या ऑक्टोबरात कन्सेशन ॲग्रीमेंटवर सह्या झाल्या. मर्जीचा मामला असता तर एवढं चाललं असतं का?

सदरचा_प्रवासी

मान्य. पण मग त्याला कन्सेशन म्हणूच नका ना.

व्याकरणवाल्या_मॅडम

सदरच्या भाऊंनी आत्ता 'मान्य. पण' म्हणून स्वतःच कन्सेशनचा चौथा अर्थ करून दाखवला! वादात समोरच्याचं थोडं कबूल करून आपला मुद्दा पुढे रेटायचा, यालाही इंग्रजीत तोच शब्द आहे. आपण जरी-तरीनं ते काम करतो. 'जरी तो श्रीमंत असला तरी कंजूष आहे' यातला पहिला भाग म्हणजे दिलेली कबुली. गंमत अशी की आपल्या शाळेच्या व्याकरणात जरी-तरी हे संकेतबोधक अव्ययात बसवलेलं असतं, जर-तरच्या शेजारी. मला ते कधीच पटलं नाही. 'जर पाऊस पडला तर' यात अट आहे. 'जरी पाऊस पडला तरी' यात अट मोडून काढली आहे. मुलींना शिकवताना मी सांगायची, की जर-तरवाला थांबून राहतो, जरी-तरीवाला निघालेला असतो.

शब्दांच्या मुळांबद्दल थोडं. सवलत अरबी सुहूलतवरून आली, म्हणजे सोपेपणा. हिंदीतली सहूलियत तिचीच बहीण. त्यात उपकार नाही, पैसा नाही, फक्त अडचण कमी करणं आहे. सूट आपल्या सुटण्यातून आली. माफीत 'तुझ्याकडे येणं होतं, ते सोडलं' हे गृहीत आहे. मुभा हाही अरबी, मुबाह म्हणजे ज्याला मनाई नाही ते. आणि रियायत, जी आपण नागपूरला हिंदीच्या संगतीनं सर्रास ऐकतो, ती आणि रयत एकाच अरबी धातूतून निघालेल्या. राखणं, सांभाळणं हा मूळ अर्थ. ज्यांना सांभाळायचं ती रयत आणि सांभाळून घेणं ती रियायत.

सदरच्या भाऊंची मर्जी मुळात नाही, नंतर चिकटली आहे.

खाणीतला_माणूस

मॅडमनी रियायत काढली, आता मला लिहावंच लागेल. नागपूरकरांच्या नाकासमोर या शब्दाचं दुसरं आयुष्य चाललेलं आहे. सिव्हिल लाईन्सच्या इंदिरा भवनात भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय. कोळशाची डब्ल्यूसीएल इथे, मँगनीजची मॉईल इथे. माझी हयात एका खाण कंपनीच्या कागदपत्रांत गेली (यांपैकी कुठलीच नाही). आमच्या टेबलावर कायम असलेलं पुस्तक म्हणजे मिनरल कन्सेशन रूल्स, १९६०. हिंदीत खनिज रियायत नियम.

नवीन पोरगा कामाला लागला की हमखास विचारायचा, 'सर, रियायत किती टक्के?' आणि आम्ही हसायचो. इथे टक्केबिक्के माफ नसतात. उलट जो खाण घेतो तो सरकारला रॉयल्टी भरतो, मराठीत स्वामित्वधन. जमिनीखालचं खनिज सरकारच्या ताब्यातलं. ते शोधण्याचा किंवा काढण्याचा हक्क ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक क्षेत्रात, ठरावीक अटींवर दुसऱ्याला देणं याला कन्सेशन म्हणतात. जुन्या व्यवस्थेत त्याच्या पायऱ्या होत्या: आधी टेहळणीचा परवाना, मग पूर्वेक्षणाचा, मग खाणपट्टा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर मोठी खनिजं लिलावानं द्यायला लागले. म्हणजे बोली लावून मिळवलेली गोष्ट, आणि नाव काय तर रियायत! २०१६ मध्ये नवीन नियम आले, कन्सेशन हा शब्द तसाच राहिला.

हे इंग्रजांपासूनचं आहे. मॉईलची आजी म्हणजे १८९६ मध्ये निघालेली सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट. रामटेककडे जाताना कांद्री-मनसरच्या मँगनीज खाणी लागतात, त्या सगळ्या भागात हाच व्यवहार. तिकडे इराणमध्ये १९०१ साली डार्सी नावाच्या गृहस्थानं तेल शोधायचं कन्सेशन घेतलं, साठ वर्षांचं. शाहला २०,००० पौंड रोख आणि नफ्यात १६ टक्के कबूल केले. त्यातूनच पुढे मोठी तेल कंपनी उभी राहिली आणि इराणात पिढ्यान्‌पिढ्या कटुता राहिली. यात कोणी कोणाला सवलत दिली ते तुम्हीच सांगा.

तेव्हा भाषांतरवाली ताई, आमच्याकडे चालणारा खरा मराठी शब्द 'पट्टा' आणि घेणारा 'पट्टेदार' किंवा 'पट्टाधारक'.

महालातली_माहेरवाशीण

विमानतळाचा पट्टेदार? म्हणजे वाघ की शिपाई?

खाणीतला_माणूस

😄 ताई, ताडोबा जवळ आहे म्हणून लगेच वाघ?

शुक्रवारीचा_बखरकार

पट्ट्यावरून वऱ्हाड आठवलं. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, फौजेच्या खर्चापोटी. १९०२ मध्ये तोच वऱ्हाड कायमचा भाडेपट्ट्यानं दिला, वर्षाला २५ लाख रुपयांवर. अख्खा मुलूख भाड्यानं! त्याआधी १८०३ च्या डिसेंबरात देवगावच्या तहात आपल्या रघुजीराजे दुसऱ्यांनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडून दिला. त्याला कोणी सवलत म्हणत नाही, 'तहात गमावलं' म्हणतात. वाटाघाटीतल्या कन्सेशनला मराठी शब्द हवा असेल तर तहाच्या भाषेत शोधा. सोडलं, कबूल केलं, पदरात घातलं, पाणी सोडलं. नाम कशाला हवं, क्रियापदं भरपूर आहेत.

आणि सवलत की हक्क याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शहराच्या नावावर आहे. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार. वर्षातून विधिमंडळाचं एक तरी अधिवेशन नागपुरात, उच्च न्यायालयाचं पीठ नागपुरात, निधीत आणि नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा. मुंबईकडच्यांना वाटतं की डिसेंबरात येऊन आपण विदर्भाला सवलत देतो. अरे, हे शहर १९५६ पर्यंत राजधानी होतं. राजधानीपण सोडलं त्याच्या बदल्यातली ती अट आहे!

तर्री_जास्त

अट हाय तं २०२० अन् २०२१ ले हिवाळी अधिवेशन मुंबईतच कसं झालं?

शुक्रवारीचा_बखरकार

कोरोना होता ना भाऊ.

तर्री_जास्त

म्हंजे सवलत दिली आपण त्यायले.

धरमपेठी_पुणेकर

अधिवेशनाचा उपयोग काय होतो ते पण सांगा की. संत्री आणि हुरडा पार्टी याच्यापलीकडे? लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा म्हणता, पण करारात लिहिलेलं सगळं कायद्यानं बांधील कुठे होतं?

शुक्रवारीचा_बखरकार

संविधानातलं ३७१(२) कलम काय हवेतून आलं? १९९४ मध्ये विकास मंडळं झाली ती त्याच कलमाखाली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली हा भाग वेगळा. तुम्ही धरमपेठेत राहून

व्यवस्थापक

विदर्भावर स्वतंत्र धागे आहेत आणि तिथे भरपूर जागा आहे. इथे शब्दांवर बोला. बखरकार, तुमचं अर्धं वाक्य तोडावं लागलं, त्याबद्दल क्षमस्व.

इंदोरा_चौक

शब्दांवरच बोलतो. सवलत हा शब्द आमच्या घरात फार वेगळ्या आवाजात बोलला जातो. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर ज्यांनी धम्म घेतला त्यांना नंतर सांगण्यात आलं की तुम्ही आता अनुसूचित जातीत नाही, तुमच्या सवलती बंद. महाराष्ट्र झाल्यावर राज्यानं आपल्या पातळीवर नवबौद्धांना त्या दिल्या, पण केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातीत गणायला १९९० उजाडलं. आजोबांनी शाळेतून मुलांचे दाखले आणताना 'सवलती' हा शब्द जेवढ्या वेळा ऐकला असेल तेवढा 'हक्क' ऐकला नाही.

संविधानात कुठेही हे उपकार म्हणून लिहिलेलं नाही. तरी कॉलेजात सहज बोलतात, 'तुला सवलत आहे ना, तुला काय टेन्शन.' सुहूलत म्हणजे सोपेपणा हे मॅडमनी सांगितलं ते खरं असेल, पण बोलणाऱ्याच्या तोंडी त्या शब्दात नेहमी एक देणारा उभा असतो आणि एक हात पसरणारा. सदरच्या काकांची व्याख्या म्हणून मला पटते. म्हणूनच जिथे हक्क आहे तिथे हा शब्द लावू नये एवढंच माझं सांगणं.

व्याकरणवाल्या_मॅडम

@इंदोरा_चौक, तुम्ही म्हणता ते वापरातलं सत्य आहे आणि मुळापेक्षा वापर मोठा असतो. शेतकरी चळवळीतही हाच वाद झाला होता. शरद जोशी कर्जमाफी म्हणायला तयार नव्हते, कर्जमुक्ती म्हणत. माफी गुन्हेगाराला मिळते, शेतकऱ्यानं कुठला गुन्हा केला? पुढे २०१९ च्या राज्याच्या योजनेचं नाव बघा, महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना. नाव बदलायला एवढी वर्षं लागली. लोक अजून कर्जमाफीच म्हणतात ते सोडा.

धरमपेठी_पुणेकर

नाव बदलून सातबारा कोरा होतो का? अर्जाच्या रांगा त्याच.

इंदोरा_चौक

नावानं सातबारा कोरा होत नाही, पण रांगेत उभ्या माणसाशी खिडकीतला माणूस कसा बोलतो ते नावावर ठरतं. ते मी पाहिलेलं आहे.

तहसीलवाला

इतका वेळ वाचत होतो. कर्जमाफी निघाली म्हणून लिहितो. महसुलात हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, चालवले तर नोटीस येते.

दुष्काळ जाहीर झाला, किंवा पैसेवारी (पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज, जुने लोक आणेवारी म्हणतात) ५० पैशांच्या खाली आली की शासन आदेश निघतो. त्याचा मथळा 'सवलती'. पण खाली वाचा. जमीन महसुलात सूट. सहकारी कर्जाचं पुनर्गठन. शेतीशी निगडित कर्जाच्या वसुलीला स्थगिती. कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट. परीक्षा शुल्काची माफी. रोजगार हमीच्या निकषात शिथिलता. टँकर. आणि पंपाची वीज न तोडणं. एकाच मथळ्याखाली इतकी वेगळी नाती आहेत.

सूट मिळाली म्हणजे तेवढं देणं संपलं. स्थगिती म्हणजे देणं तसंच उभं आहे, फक्त दारात आज कोणी येणार नाही. जुन्या महसुली भाषेत तिला 'तहकुबी' म्हणत. 'सूट व तहकुबी' असा जोडशब्दच होता आणि दोन्हींचे रकाने वेगळे. शेतकरी घोटाळा इथेच करतो, किंवा त्याचा घोटाळा केला जातो. काटोलकडचे एक आजोबा मला म्हणाले होते, 'साहेब, सवलत भेटली म्हणून गुलाल उधळला, दोन वर्षांनी सगळं व्याजासकट आलं.' त्यांना मिळालं होतं पुनर्गठन, म्हणजे तेच कर्ज नव्यानं हप्ते पाडून. बँकेतल्या माणसानं सवलत सांगितलं आणि आजोबांनी सूट ऐकलं.

म्हणून मी भाषांतरवालींच्या बाजूचा. सवलत हा छत्रीचा शब्द आहे. मथळ्याला ठीक. आत मात्र काय दिलं ते नावानिशी लिहावं.

निवृत्त_वाहक

साहेब, ही 'पंपाची वीज न तोडणं' पण सवलत? म्हणजे काही न करणं?

तहसीलवाला

हो काका. न करणं हीसुद्धा सवलत. सरकारी खात्याला तर ती द्यायला सगळ्यात सोपी 🙂

हॉस्टेलचा_पोट्ट्या

मी इथे सगळ्यात लहान असेन. मेट्रोत विद्यार्थ्यांना ३० टक्के आहे, त्याला आम्ही ना सवलत म्हणत ना सूट. 'स्टुडंट कार्ड चालून राहिलं का?' एवढंच. आणि दहावीला चित्रकलेचे, खेळाचे जे वाढीव गुण मिळतात त्याला शाळेत 'सवलतीचे गुण' म्हणायचे. माझे खेळाचे होते. आजीनं बिल्डिंगभर सांगितलं, पोट्ट्याला सवलतीत पास केलं 😭

महालातली_माहेरवाशीण

आमच्या वेळी 'ईबीसी सवलत', म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांना फीमध्ये. वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आणायचा, फॉर्म भरायचा आणि वर्गात सगळ्यांसमोर बाई नावं वाचायच्या. इंदोरा चौक म्हणतात तो देणारा आणि हात पसरणारा मी तिथे पाहिला आहे. फी किती कमी झाली ते आज आठवत नाही, नावं वाचली जायची ते मात्र पक्कं आठवतं.

जामठा_एन्ड

क्रिकेट राहिलंच की. 'रन्स कन्सीडेड'. २००८ मध्ये आपल्या जामठ्याच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या जेसन क्रेझानं कसोटी पदार्पण केलं. पहिल्याच डावात ८ बळी घेतले आणि २१५ धावा दिल्या. मराठी कॉमेंट्रीत 'धावा मोजल्या' म्हणतात. बळी मिळवण्यासाठी मोजल्या, म्हणजे पैसे मोजल्यासारख्या. कन्सेशनला इतका सुंदर शब्द इंग्रजीत नाही.

तर्री_जास्त

सहवागले कन्सेशन नाई द्या लागत, तो स्वतःच घेते.

भाषांतरवाली

बाप रे, एका रात्रीत धागा कुठल्या कुठे गेला. सगळ्यांचे आभार. वाटाघाटींचं काम बखरकारांनी सोडवलं. तिथे मी नाम टाकून क्रियापद घेतलं: 'दोन्ही पक्षांनी काही मुद्दे सोडले'. पार्किंगला 'शुल्कात सूट', तहसीलवाल्या साहेबांच्या नियमानं. विद्यार्थ्यांच्या बाबतीत बोलायचं नाही, आजीचं वाचून वाईट वाटलं.

अडलंय ते मूळचंच. कन्सेशन ॲग्रीमेंट आणि कन्सेशनेअर. पट्टा म्हटलं तर नुसती जमीन वाटते. इथे ती कंपनी पैसा घालणार, बांधणार, चालवणार, प्रवाशांकडून आणि विमान कंपन्यांकडून शुल्क घेणार, उत्पन्नातला वाटा सरकारी कंपनीला देणार आणि मुदत संपली की सगळं परत करणार. एवढं सगळं एका शब्दात हवं.

व्याकरणवाल्या_मॅडम

मक्ता! कालपासून कोणी म्हणेल म्हणून थांबले होते. ठरावीक मुदतीसाठी, ठरावीक रक्कम कबूल करून सरकारी उत्पन्नाचं साधन चालवायला घेणं म्हणजे मक्ता. जकातीचा मक्ता, बाजाराचा मक्ता, नदीघाटाचा मक्ता. घेणारा मक्तेदार. कन्सेशनचा व्यापारी अर्थ मराठीत कित्येक पिढ्या नांदतो आहे, आपण त्याला विसरून सवलतीच्या दारात उभे आहोत.

धरमपेठी_पुणेकर

मॅडम, शब्द अचूक आहे आणि म्हणूनच निरुपयोगी. आज मक्तेदारी म्हणजे मोनोपॉली. कुठलीही कंपनी स्वतःला करारात मक्तेदार म्हणवून घेणार नाही. जकातीच्या मक्तेदाराला लोक काय म्हणायचे तेही आठवा.

सदरचा_प्रवासी

धरमपेठी भाऊंशी मी सहमत होतोय, तारीख लिहून ठेवा.

इंदोरा_चौक

एका गावात विमानतळ एकच आणि तो चालवणाराही एकच. मग मोनोपॉली नाही तर काय आहे? शब्द खरं बोलतो म्हणून तो नको?

खाणीतला_माणूस

मुद्दा बिनतोड. पण करार कोर्टातही वाचला जातो. तिथे ज्या शब्दाला दोन अर्थ आहेत तो त्रास देतो. आपल्या शहरानं असे व्यवहार आधी पाहिले आहेत. वीज वाटपाला २०११ मध्ये खाजगी कंपनी आली, २०१९ मध्ये ती व्यवस्था संपली. मधल्या काळात शहर तिला 'फ्रँचायझी' म्हणत होतं. पाणीपुरवठ्याचा २५ वर्षांचा करार २०१२ पासून चालू आहे, त्यातली कंपनी म्हणजे 'ऑपरेटर'. समृद्धीवर टोलनाका आहे तिथे 'ठेकेदार'. कुठेही मराठी शब्द रुळला नाही, आणि याचं कारण भाषा नव्हे. व्यवहार प्रत्येक वेळी वेगळा होता. फ्रँचायझी घाऊक वीज विकत घेऊन आपल्याला विकत होती. पाण्याचा दर महापालिका ठरवते. विमानतळाचं तुम्ही वर लिहिलंच.

मी 'परिचालन हक्क करार' आणि 'हक्कधारक' सुचवतो. हक्क आहे, मुदतीचा आहे, धारण केलेला आहे. इंदोरा चौक यांना हक्क हा शब्द कंपनीला दिलेला आवडणार नाही, पण.

इंदोरा_चौक

नाहीच आवडला. आमच्या वाट्याला सवलत आणि कंपनीच्या वाट्याला हक्क, हे बरं आहे.

तहसीलवाला

हे वाक्य फ्रेम करून कार्यालयात लावायला पाहिजे. लावता येणार नाही.

भाषांतरवाली

इंदोरा चौक, तुमचं वाक्य वाचून रात्री बराच वेळ फाईल उघडी ठेवून बसले. शेवटी असं केलं. कराराचं नाव जिथे पहिल्यांदा येतं तिथे 'कन्सेशन करार' आणि लगेच एका वाक्यात समजूत: 'ठरावीक मुदतीसाठी विमानतळ विकसित करून चालवण्याचा व त्याचं उत्पन्न घेण्याचा परवाना देणारा करार'. पुढे सगळीकडे कंपनीला 'परवानाधारक कंपनी'. हक्क टाळला, सवलत टाळली. मक्तेदार मनात ठेवला.

व्याकरणवाल्या_मॅडम

परवाना चालेल, पण फिका आहे. परवाना सायकललाही होता. मी अजून मक्त्याच्याच बाजूनं आहे, हे नोंदवून ठेवा.

धरमपेठी_पुणेकर

नोंदवलं. 'परवानाधारक' ठीक वाटतंय.

माझी_पहिलीच_पोस्ट

विषयाशी संबंध थोडा कमी आहे, पण वाहक काका इथे आहेत म्हणून विचारते. आईला पुढच्या महिन्यात ७५ पूर्ण होतील. आता अर्धं तिकीट लागतं. ७५ झाल्यावर सिटी बसमध्ये, म्हणजे 'आपली बस'मध्ये पण मोफत होईल का? आणि शिवशाहीत अर्धं चालतं का?

निवृत्त_वाहक

ताई, अमृतची सवलत एसटीचीच. शहर बस महापालिकेची, तिथे ती लागू नाही, तिथले नियम वेगळे. एसटीत मात्र साधी, शिवशाही, सगळ्या प्रकारच्या गाड्यांत आहे. आईचं आधार कार्ड जवळ ठेवा, त्यावर पूर्ण जन्मतारीख आहे का तेवढं बघून घ्या. काही जुन्या कार्डांवर नुसतं वर्षच असते आणि मग वाहक वाद घालते. आणि शून्याचं तिकीट मागून घ्या बरं का, तसंच बसू नका.